दुपारी बिघडणारा कॉम्प्युटर

पारोळ्यात लग्नाचं शूटिंग कुणीही करो, मिक्सिंगला ते बहुधा नूतनकडेच यायचं. नूतन मूळची जामनेरची. लग्नाआधी धुळ्याच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होती, तिथेच हे काम शिकली. सासरी आल्यावर मागच्या खोलीत टेबल मांडून तिने ते सुरू केलं, आणि मुलं शिकायला पुण्याला गेली तरी ते चालूच राहिलं. दुसऱ्यांच्या वराती तासन् तास बघायच्या, रुसलेले मामा कापून टाकायचे, नवरीची आई रडते तिथे सनईचा आवाज खाली घ्यायचा. शेजारणी म्हणायच्या, "तुझं बरं आहे बाई, घरबसल्या रोज लग्न." नूतन हसायची. संध्याकाळी भाकरी थापताना तिला डोक्यावरचा दिवासुद्धा नको वाटायचा, डोळे इतके चुरचुरायचे.

यंदा सिझनच्या तोंडावर जुना कॉम्प्युटर बसला तो उठलाच नाही. नवीन तर हवाच होता. जळगावला प्रेमराज म्हणून एकजण पार्ट निवडून असेंबल करून द्यायचा. त्याच्याकडून तिने कॉम्प्युटर बनवून घेतला आणि एसटीत मांडीवर धरून घरी आणला. पहिले काही दिवस ती खुशीत होती. ज्या कामाला आधी अर्धी दुपार जायची, ते आता चहा पिऊन होईस्तोवर उरकत होतं.

मग उन्हं तापली आणि त्रास सुरू झाला. काम चालू असताना स्क्रीन एकदम निळी व्हायची, इंग्रजीत दोन-चार ओळी यायच्या आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. मधलं सगळं काम गेलेलं. नूतनने दर दोन मिनिटांनी सेव्ह करायची सवय लावून घेतली. तरी जे जायचं ते जायचंच.

प्रेमराज फोनवर म्हणाला, "विंडोज नीट पडलं नसेल, घेऊन या." ती घेऊन गेली. त्याने विंडोज परत टाकलं, दिवसभर दुकानात चालवून बघितलं. काही झालं नाही. ती कॉम्प्युटरचा डबा घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर कामाला बसली आणि स्क्रीन निळी.

पुन्हा पिशवी, पुन्हा एसटी. पुन्हा दुकानात मशीन शहाण्यासारखं चाललं. प्रेमराज तिच्याकडे बघत म्हणाला, "ताई, तुमच्या घरच्या लाइटचा प्रॉब्लेम असेल. अर्थिंग चेक करून घ्या."

नूतनने वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं. घरात सासूबाई झुंबरबाई खुब्याचं हाड मोडून खाटेवर होत्या. त्यांचं उठवणं-बसवणं, औषधं, स्वयंपाक, आणि यातून वेळ काढून हे. नवरा भूषण बाजार समितीत. हंगामामुळे तो घरी यायचा तेव्हा बोलायच्या अवस्थेत नसायचा. अर्थिंग झालं, नवीन स्विचबोर्ड झाला. स्क्रीन निळी व्हायची थांबली नाही.

त्यातच सुनंदाबाईंच्या मेघाचं लग्न आलं. सुनंदाबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या. शूटिंग धुळ्याच्या फारुखने केलं होतं. त्याने कॅमेऱ्याची मेमरी कार्डं आणून दिली. नूतनने सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं, सुरुवातीचं थोडं चालवून पाहिलं आणि त्याला सांगितलं, "उतरलं, फारुखभाऊ. पुसलं तरी चालेल." नेहमी असंच व्हायचं.

आठवड्याने ती हळदीचा भाग कापायला बसली. मेघाच्या गालाला हात लागतो तिथेच चेहरा फुटला. हिरवे-जांभळे चौकोन सगळीकडे पसरले आणि चित्र अडकलं. पुढचा भाग लावला, तोही तसाच. तिने वेगळ्या डिस्कवर ठेवलेली कॉपी काढली. तीही फुटलेली, कारण तीसुद्धा याच कॉम्प्युटरमधून तिकडे गेली होती. लग्नाच्या दिवसाचं बरंचसं धड होतं, पण हळदीचं जवळपास सगळं गेलं होतं.

तिने फारुखला फोन लावला.

"ताई, ती कार्डं तर मी पुसली," तो म्हणाला. "त्यावर पाचोऱ्याचं एक लग्न झालं, एक साखरपुडा झाला. तुम्हीच म्हणाला होता ना?"

"हो, मीच म्हणाले होते."

"लग्नाच्या दिवसाचा दुसरा कॅमेरा होता, त्याचं कार्ड असेल बघा माझ्याकडे. हळदीला मी एकटाच होतो."

फोन ठेवून ती पुन्हा त्याच फायली उघडून बघत बसली. खाटेवरून झुंबरबाईंचा आवाज आला, "जेवी ले वं माय पहिले. ते डबडं काय पयी नही जावाव."

डबडं कुठे पळून जाणार नव्हतंच. ती जेवली. मग तिने प्रेमराजला फोन केला. भांडायचं ठरवलं होतं, पण तेवढा जोर अंगात नव्हता. जे झालं ते सरळ सांगितलं.  मग प्रेमराजने आधी कधीच न विचारलेली गोष्ट विचारली.

"ताई, बिघडतो कधी? म्हणजे दिवसातून साधारण केव्हा?"

"दुपारी. जेवणं झाल्यावर."

"सकाळी?"

नूतनने आठवून बघितलं. "सकाळी नाही फारसा."

"माझ्या दुकानात एसी आहे हो," प्रेमराज हळूच म्हणाला. "मी गारव्यात बघत होतो. चूक माझी. रॅम तपासू आपण, पण तुमच्याच घरी, तुमच्या उन्हात."

रॅम म्हणजे काय हे नूतनला ढोबळ माहीत होतं. कॉम्प्युटर काम करताना जे काही हातात घेतो, ते तो तिथे धरतो. प्रेमराजने पुढचं समजावलं: एका ठिकाणाहून दुसरीकडे काही उतरवायचं तरी ते रॅममधूनच जातं. ती कच्ची असली तर तापल्यावर जाता जाता मधलं थोडंसं बदलतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्याने फोनवर सांगत सांगत तिच्याकडून पेनड्राइव्ह तयार करून घेतला. त्यावरून टेस्ट सुरू करायची आणि नुसतं बघत राहायचं.

सकाळी टेस्ट लावली. काळ्या स्क्रीनवर आकडे पळत राहिले, चूक एकही नाही. नूतनने सासूबाईंना अंघोळ घातली, वरण लावलं, कपडे वाळत घातले. मधून मधून येऊन डोकावत होती. आपण कशाची वाट बघतोय हे तिचं तिलाच कळेना. चूक निघावी, की निघू नये? उन्हाची झळ खिडकीतून आत यायला लागली. छताचा पत्रा तापला. ती ताटं घासत असताना आत पडद्यावर एक लाल ओळ आली, मग दुसरी, मग लाल ओळींची रांगच लागली.

तिने फोटो काढून प्रेमराजला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "रॅमच्या दोन पट्ट्या आहेत आत. एक काढा, दुसरीवर टेस्ट लावा. उद्या त्याच वेळी उलटं करा."

तिने झाकण उघडलं, सांगितल्याप्रमाणे दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबल्या आणि पट्टी काढली. त्या दुपारी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी पट्टी एकटीच लावली आणि ऊन चढल्यावर पुन्हा लाल ओळी आल्या. दोष सापडला होता. नूतनला आनंद व्हायला हवा होता. तिने ती खराब पट्टी कागदात गुंडाळली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

खरं काम पुढेच होतं. ती सुनंदाबाईंकडे गेली. त्या ओट्यावर गहू निवडत होत्या.

"अक्का, मेघाच्या हळदीचं शूटिंग खराब झालं. माझ्या कॉम्प्युटरमधला पार्ट खराब होता. लग्नाचं मिळेल, हळदीचं नाही."

सुनंदाबाईंचा हात थांबला. "सगळंच?"

"जवळपास सगळंच."

"भिकुबाई गायली होती त्यात," सुनंदाबाई म्हणाल्या. भिकुबाई त्यांची थोरली नणंद. "आता तिला गुजरातला लेकाकडे नेलं. तिचा आवाज म्हणून तरी..." त्या पुन्हा गहू निवडू लागल्या. रागावल्याही नाहीत. नूतनला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन तिने त्या फुटक्या फायली पुन्हा एकेक उघडल्या. चित्राकडे न बघता कानाला हेडफोन लावला. चौकोनांच्या मागे भिकुबाई गात होती. मध्ये कुठे कुठे खरखर, दोनदा तुटलेलं, पण गाणं होतं. आवाज बराचसा वाचला होता.

मग तिने मेघाच्या मैत्रिणींना, मावश्यांना, काकूंना फोन केले. ज्याच्या मोबाइलवर हळदीचा जो फोटो होता तो मागवला. कुणी लगेच पाठवला, कुणाला चार वेळा आठवण करावी लागली. एका काकांनी तर चुकून भलत्याच लग्नाचे पाठवले. खराब पट्टी बदलून मिळेपर्यंत एकाच पट्टीवर कॉम्प्युटर कूर्मगतीने चालत होता. ती एक फोटो लावायची, जाऊन सासूबाईंना कूस बदलून द्यायची, परत येऊन दुसरा लावायची. फारुखकडच्या कार्डातून लग्नाची फुटलेली जागाही भरून निघाली.

तयार झालेलं सुनंदाबाईंच्या टीव्हीवर लावलं तेव्हा मेघाही सासरहून आली होती. "फोटो फार झाले गं," ती म्हणाली.  भिकुबाईचं गाणं लागलं. फोटोत भिकुबाई कुठेच नव्हती, कुणी काढलेलाच नव्हता. सुनंदाबाईंनी ते गाणं पूर्ण ऐकलं. मग रिमोट मेघाच्या हातात देत म्हणाल्या, "मागे घे बरं. पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी नूतनला चहा विचारला. एवढंच.

परत येताना फारुखचा फोन आला. धुळ्याचं एक रिसेप्शन होतं, उद्या कार्डं आणू का?

"आणा. पण तयार काम तुमच्या हातात पडेपर्यंत पुसायचं नाही. मी सांगितलं तरी नाही."

"बरं. ताई, कंटाळलात का?"

"नाही हो," नूतन म्हणाली. "दमले."

घरी आल्यावर तिने पंखा लावला आणि सासूबाईंच्या खाटेशेजारी फरशीवरच आडवी झाली. झुंबरबाईंनी वरून हात लांबवून तिच्या कपाळावर ठेवला, आणि ऊन कलेपर्यंत त्यांनी तिला उठवलं नाही.