चढावर उचलून बसा

उमरेडला बस चुकली, तेव्हा सिमेंटची पोती घेऊन नागपूरला निघालेल्या एका पिकअपवाल्यानं मला शेजारी बसवून घेतलं. बसण्याआधी चपला झटकायला लावल्या. मातीचंही वजन होतं म्हणे. पहिला चढ येताच तो सीटवरून अर्धा उठला.

"उचलून बसा नं भाऊ. गाडी डिझेल पिऊन राहिली."

"कंपनी तर चांगला ॲव्हरेज सांगते," मी म्हणालो.

"कंपनीनं सांगितला तवा गाडीत तुमी होते का?"

मी दांडा धरून अधांतरी झालो. मागची पोती मात्र निवांत बसून होती.

परवा नागपुरात सिटी बस सदर भागातल्या पुलावर चढू लागली आणि मी आपोआप सीटवरून उठलो.

बायकोनं विचारलं, "उतरायचं काय जी?"

"नाही, चढ आहे. तू पण उचल वं."