मागल्या सालचा लाल

बियाण्याच्या त्या पाकिटावरचा लाल रंग आजही डोळ्यांसमोर आला की मला एका जागी बसवत नाही.

जालन्यात मी नवी फौजदार होते. शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. पंचनाम्याचं मराठी जपून लिहायची, बोलायची त्याहून कमी. पेरणी तोंडावर असताना खबर आली, की शहागडच्या नाक्यावर कपाशीचं बनावट बियाणं विकलं जातंय. जप्त पाकिटांचं लेबल आम्ही, त्यावर जिचं नाव होतं त्या कंपनीच्या मागल्या वर्षीच्या पाकिटाशी ताडून पाहिलं. रंग हुबेहूब. मग लेबलं कंपनीचं काम करणाऱ्या प्रेसमध्येच छापली असं धरून तिथल्या वयस्कर मशीनमनला ठाण्यात आणलं. बारा वर्षांपूर्वी चोरीच्या एका गुन्ह्यात त्यांचं नाव होतं. त्यातून ते निर्दोष सुटले होते.

"रेकॉर्डवरचा माणूस आहे. संध्याकाळपर्यंत अटक दाखवा," मोठे साहेब म्हणाले.

अटक झाली तर कामावर घेणार नाही, असं प्रेसच्या मालकाने आधीच बजावलं होतं.

"मॅडम, हा लाल माझा न्हाई," मशीनमन म्हणाले. "थंडीत आमची शाई बदलली. आधी विटकरी यायचा, आता सुर्ख येऊन राह्यला. यंदाचं लेबल आणून बघा ना जल्दी."

"चाचा, आता आमची शाळा घेता का?" हवालदार हसले.

मला चैन पडेना. दुपारी प्रेसमधून यंदाचं लेबल आणून दोन्ही उन्हात ठेवली. खरं लालभडक, बनावट विटकरी. पण बनावट लेबलावर एक सूचना होती, जी प्रेसची शाई बदलल्यानंतरच कंपनीने टाकली होती. जुनी शाई तोवर संपलेली. ती ओळ आणि तो लाल त्या मशीनवर कधी एकत्र आलेच नव्हते.

"चाचा, तुमचा जुना रंग आणखी कुणाकडे आहे?"

"लेबल बनवणाऱ्या डिझायनरकडं. मागल्या साली माझ्या मशीनवर रंगाचे चौकोन छापून नेल्ते त्यानं."

त्या चौकोनांचे रंग मोजून त्याने संगणकात कलर प्रोफाइल, म्हणजे त्या मशीनच्या रंगांची नोंद, बनवलं होतं. गिऱ्हाइकाला आधी नमुना दाखवता यावा म्हणून त्याचा छोटा प्रिंटर त्या मोठ्या मशीनसारखा रंग काढायचा. दोन पंच घेऊन आम्ही त्याच्या दुकानात गेलो. लेबलांचे गठ्ठे तिथेच सापडले.

"शाई बदलली हे मला कुणी सांगितलंच नाही," तो चिडून म्हणाला.

ठाण्यात परतल्यावर मी मशीनमनना खुर्ची दिली.

"बसा, चाचा."

"सकाळपासून उभाच हाय, मॅडम. आता घरीच बसतो."

ते निघून गेले. माफी माझ्या तोंडातच राहिली. डिझायनर जुन्या मोजमापावर विसंबला, म्हणून सापडला. आम्हीही बारा वर्षांपूर्वीच्या नोंदीवर विसंबलो होतो. आम्हाला पकडणारं कुणी नव्हतं. पुढे कुणाचाही जुना कागद हाती आला की आधी तो माणूस आज कसा आहे, ते मी जाऊन पाहायची.