हलू नका म्हणालो

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगतोय? दमलोय म्हणून. लपवण्याचाही शेवटी शीण येतो.

नव्वद सालच्या आसपास मी डोंबिवलीहून ठाण्याच्या एका इस्पितळात जायचो. कॅन्सरच्या रोग्यांना किरण देणारा तंत्रज्ञ होतो. तुझा हात चोख, असं डॉक्टर चारचौघांत म्हणायचे. मला ते ऐकायची चटक लागली होती.

फुप्फुसातली गाठ श्वासाबरोबर वरखाली होते. म्हणून आधी रोग्याला एक्स-रेखाली निजवायचं, पडद्यावर त्याचे दहा साधे श्वास बघायचे, गाठ कुठून कुठे जाते ते मोजायचं आणि तेवढी सगळी जागा किरणांत धरायची. मिनिटभराचं तर काम!

कोपर गावचे धर्मादादा अशीच गाठ घेऊन आले. तरुणपणी खाडीत बुड्या मारून रेतीच्या बादल्या भरलेला माणूस. मी रोज म्हणायचो, "हलू नका, श्वास मात्र चालू ठेवा." त्या दिवशी दुसरा अर्धा भाग गिळला — जेवायची वेळ झाली होती. "हलू नका," एवढंच म्हणालो. त्यांनी श्वासच रोखून धरला. पडद्यावर गाठ जागच्या जागी! मी अर्ध्या मिनिटात उठलो, 'हालचाल नाही' लिहिलं आणि त्यांच्या छातीवर शाईने छोटा चौकोन आखला.

तिसऱ्या दिवशी किरण चालू असताना काचेतून पाहिलं — त्यांचं पोट चांगलं चार बोटं वरखाली होत होतं. म्हणजे गाठ दर श्वासाला चौकोनाबाहेर जात होती. मला ते तेव्हाच कळलं. नंतर नाही — तेव्हाच. किरणांचे अजून चार आठवडे बाकी होते. 'माझं मोजमाप चुकलं', डॉक्टरांना एवढंच सांगायचं होतं. जीभ झडली असती का माझी? उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिलो, आणि दिवसागणिक ते जास्त जड होत गेलं. मग शेवटचा दिवसही उरकला.

सहा महिन्यांनी ते परत आले. गाठीचा खालचा भाग तसाच राहून वाढला होता. रोगच चिवट, डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली.

बाहेरच्या बाकावर धर्मादादा ओशाळून म्हणाले, "सायेब, तुम्ही सांगलेलं हलू नका. माजाच दम सुटला आसंल."

"असेल," मी म्हणालो.

दोन महिन्यांनी ते वारले. चूक आपलीच होती, असं समजून वारले.