मूळ सापडेपर्यंत

"थांबा! हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे?" असं म्हणत सर तर्जनी वर करायचे. एकदा का ती वर गेली, की समोरच्याची सुटका नसे.

तुळिंजच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवत, मी गणित. एकदा मी त्यांच्याकडे कपाटाची चावी मागितली. ती मुठीत घट्ट धरून त्यांनी मला आधी पोर्तुगीजांकडे नेलं, तिथून लॅटिनकडे. तासाची घंटा झाली, तरी तपासलेले पेपर कपाटातच. अशा माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

'साबण' या शब्दाने तर माझा अंत पाहिला. तो अरबांच्या गलबतांतून आला की पोर्तुगीजांच्या? दोन्ही वाटा मागे जाऊन लॅटिनलाच मिळतात, म्हणून सर अख्खा उन्हाळा कपाळाला आठ्या घालून हिंडत होते.

सर जूचंद्रचे. त्यांच्या आईची हयात मिठागरात गेलेली. खाडीचं पाणी आत घेतल्यापासून मीठ धरेपर्यंत जसजसं बदलतं, तसतशी तिच्या तोंडी त्याची नावंही बदलत. घरात आता दुसरं कुणी ते शब्द वापरत नव्हतं. सरांना त्यांचा कोश करायचा होता. पण हट्ट असा, की मूळ सापडल्याशिवाय एकही शब्द उतरवायचा नाही.

"अहो, आधी लिहून तर घ्या! मूळ काय पळून जातंय?" मी करवादायचो.

"मुळाशिवाय शब्द म्हणजे अर्धवट काम," असं म्हणून ते आईच्या एखाद्या शब्दामागे पार संस्कृतापर्यंत जायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे. तोवर म्हातारी आणखी चार शब्द बोलून मोकळी झालेली असे. मला म्हणायची, "याला सांग रं, आधी जेव म्हनावं. भात निवला."

मला त्यांचा राग यायचा. पण शब्दावर इतकी माया करणारा माणूसही मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या वर्षी आई गेली. दिवसकार्य आटोपल्यावर मी भेटायला गेलो. सर ओट्यावर बसले होते.

"तुम्ही तिच्याशी गप्पा मारत बसायचात," ते म्हणाले. "मीठ धरायच्या अगदी आधीच्या पाण्याला ती काय म्हणायची हो?"

मी पुष्कळ डोकं खाजवलं. आठवेना.

सर सवयीने दाराकडे वळले. "आये, त्या पान्याला काय..." एवढं म्हणाले, आणि तिथेच थांबले.