चेहरा जुळत नाही

वर्कशॉपमध्ये तिला सगळे ठिणगी म्हणत. सकाळी ती गेटं आणि ग्रिल जोडायची, दुपारी प्रशिक्षण संस्थेत वेल्डिंगच्या वर्गाला बसायची. परीक्षेची फी तिने आठ महिने मजुरीतून बाजूला टाकली होती, सगळी बँकेच्या मोबाइल ॲपमध्ये. शेवटची भर कालच्या पगारातून पडली. भरायची मुदत आज पाचपर्यंत. चुकली तर एक वर्ष वाया.

कालच शेजारच्या कारागिराने न सांगता वेल्डिंग पेटवलं आणि तिच्या डोळ्यांवर वेल्डिंगची काळी काच नव्हती. डोळ्यांत वाळू घातल्यासारखी रात्र गेली. सकाळी पापण्या टम्म. तरी दोन गेटं पुरी करून मग दुपारी तीनला तिने मोबाइल हातात घेतला.

ॲप नुकतंच बदललं होतं. आता त्याला चेहरा हवा होता. ‘डोळे पूर्ण उघडा.’ उघडतील कुठून? ‘चेहरा जुळत नाही.’ तिसऱ्या खेपेला ॲपने चोवीस तासांसाठी दार लावून घेतलं.

“मिस्त्रीकाका, आता?”

“काल तुमचे पगार वाटून माझा खिसा रिकामा झालाय पोरी. बँकेत जा. काम आटपलं?”

“आटपलं.”

“मग इथं काय उभी? पळ!”

चार वाजता ती शाखेत पोचली. रांगेत तिचा नंबर यायला अर्धा तास गेला. काचेमागच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “ॲपमधून करा.”

“ॲप म्हणतं चेहरा जुळत नाही.”

“मग उद्या बघा.”

“उद्या मुदत संपलेली असेल. हे ओळखपत्र. ही मी. पैसे माझे.”

“ताई, तुमचं खातं मोबाइलवरचं. सिस्टिम ओळखत नाही, मी काय करू?”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रडण्याचं नव्हे, सुजेचं. पण डोकं मात्र तापलं होतं. पैसे घेताना या सिस्टिमने कधी तोंड बघितलं नव्हतं.

“बरं. मग कागदावर लिहून द्या, साहेब. समोर उभी आहे ती खातेदार नाही. खाली सही, शिक्का.”

“असं कसं लिहून देणार?”

“का? खोटं आहे म्हणून?”

मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. “लिहा की साहेब, आम्हीही थांबतो.”

साहेबांनी ओळखपत्र उचललं, फोटोकडे आणि तिच्याकडे दोनदा पाहिलं. मग टेबलाचा खालचा खण ओढून एक फॉर्म काढला. ओळख पटवून रोख देण्याचा. छापील. गठ्ठाच होता.

“हा होता?” ती म्हणाली. “अर्धा तास मी इथे उभी, आणि हा खणात?”

“रोज कोणी मागत नाही.”

“ठाऊक असेल तर मागतील ना!”

पैसे हातात आले तेव्हा पाचाला बारा मिनिटं उरली होती. साहेब हसून म्हणाले, “झालं ना काम? ॲपला तेवढे पाच तारे द्या.”

“कशाचे?” तिने विचारलं, आणि उत्तरासाठी न थांबता संस्थेच्या फीच्या खिडकीकडे धावत सुटली. कारकून खिडकी ओढून घेत होता. तिने फटीत हात घातला.

“पाच वाजायला दोन मिनिटं आहेत. पावती फाडा.”