एर्सीलियाची निळी फीत

एर्सीलिया कुणाच्या बापाला भिणारी नव्हती. इटलीतल्या उंब्रिया प्रांतातल्या एका डोंगरगावात चर्चची झाडलोट तिच्याकडे होती आणि वेदीवरच्या मरियामातेला फुलं वाहणंही. नेरियो नावाच्या चित्रकाराने पाचशे वर्षांपूर्वी ती मरियामाता रंगवली. नववा महिना लागला की गावच्या बायका चित्राच्या चौकटीला निळी फीत टेकवत आणि मग ती पोटाला बांधत.

यंदा शहरातल्या संग्रहालयाने नेरियोची सगळी चित्रं एकत्र मांडायचं ठरवलं आणि पाद्रीबाबांनी मरियामाता खुशाल देऊन टाकली. नेमका एर्सीलियाच्या सुनेला, नीवेसला, नववा लागलेला. तिची आधीची दोन बाळं गेली होती.

"फीत घरीच बांधा," पाद्रीबाबा म्हणाले. "देव सगळीकडे असतो."

"मग रविवारी घंटा कशाला बडवता? आम्हीही घरीच बसतो की," असं सुनावून एर्सीलिया सुनेला घेऊन बसमध्ये चढली.

संग्रहालयात नेरियोची चित्रं बघून शिकलेल्या चित्रकारांची दालनंच्या दालनं होती. 'नेरियोचा वारसा' म्हणे. एर्सीलियाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आपली मरियामाता दोरीपलीकडे दिसली तशी ती थांबली. शेजारी पाटी होती: 'पूर्वी गरोदर स्त्रिया या चित्राला फीत लावत असत.'

"पूर्वी? म्हणजे आम्ही मेलो की काय?" असं म्हणत तिने दोरी वर उचलली. "जा गं आत."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. तिकीट काढून बघायलाच आलेत."

नीवेसने फीत चौकटीला टेकवली मात्र, भोंगा कोकलायला लागला. पहारेकरी धावत आला.

"आजी, मागे व्हा. पाचशे वर्षांचं चित्र आहे हे."

"आणि पाचशे वर्षं आमच्या फिती सोसून टिकलंय. तुला काय धाड भरलीय?"

ती कमरेवर हात ठेवून त्याच्या आडवी उभी राहिली. आतून ती घाबरली होती. पहारेकऱ्याला नव्हे, हेही बाळ गेलं तर नीवेस पुन्हा उठून उभी राहणार नाही, याला. मागे नीवेस रडत पुटपुटत होती. एर्सीलिया तसूभरही हलली नाही.

पहारेकऱ्याने साहेबांना फोन लावला. तेवढ्यात गर्दीतून एक शहरी, झुळझुळीत कपड्यांतली बाई पोट सांभाळत दोरीखालून आत आली. गळ्यातला रेशमी रुमाल सोडत ती नीवेसला म्हणाली, "तुमचं झालं की मला जागा द्या."