पायातला पट्टा

आमच्या जिल्ह्यातल्या शाळांच्या समुद्र-पोहण्याच्या स्पर्धेत वेळ मोजणारी चिप आणावी, हा हट्ट माझा होता. सलग दोन वर्षं मी सभेत तोच विषय काढत होतो. बाकीचे शिक्षक कंटाळले, पण शेवटी हो म्हणाले.

हट्टामागे कारण होतं. सातवीत असताना मी याच किनाऱ्यावर शर्यतीत उतरलो होतो. तेव्हा छत्रीखाली बसलेले पंच डोळ्यांनी बघून नंबर लावत. माझ्याबरोबर एका साहेबांचा मुलगा होता. त्याची टोपी लाल होती, माझ्या डोक्याला काहीच नव्हतं. पहिला तो, असं पंचांनी जाहीर केलं. वडील होडीत होते. घरी जाताना एवढंच म्हणाले, "हात तुजो आदी लागलो. मी बघलंय." पुढे कधी तो विषय काढला नाही. मासेमारी करून त्यांनी मला शिकवलं, आमच्या वाडीतला पहिला पदवीधर केलं, आणि मी शिक्षक झालो. त्या पंचांबद्दल माझ्या मनात राग नाही. पण यंत्र टोपीचा रंग बघत नाही, कोणाचा मुलगा ते विचारत नाही, हे मला त्या दिवसापासून पटलेलं होतं.

चिप म्हणजे बोटभर रुंदीचा एक पट्टा. तो घोट्याला बांधायचा. पोहून बाहेर आलं की वाळूत अंथरलेल्या मॅटवरून जायचं, मॅट घोट्याजवळचाच पट्टा ओळखते आणि संगणकावर वेळ उमटते. सूचनांचा कागद मी चार वेळा वाचला होता, मुलांना वाचून दाखवला होता.

आमच्या शाळेतून दहावीतली एक मुलगी उतरणार होती. तिची आई बाजारात मासे विकते, वडील ट्रॉलरवर जातात. पोहणं तिला कोणी शिकवलेलं नाही, ती पोहतेच. पहिल्या तीन मुली प्रशिक्षण शिबिराला जाणार होत्या. शालेय गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष, म्हणजे ही एकच संधी. तिच्या बाजूला कुडाळची एक मुलगी उभी होती. तलावात सराव केलेली, अंगाला घट्ट बसणारा पोशाख, मनगटावर अंतर मोजणारं घड्याळ. आमची मुलगी शाळेच्या खेळाच्या कपड्यांत.

शिट्टी व्हायच्या आधी तिने वाकून घोट्याचा पट्टा सोडला आणि दंडावर बांधला. मी चार हातांवर उभा होतो. मी बघितलं, आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही.

हेच मला अजून स्वस्थ बसू देत नाही. पायाला काही बांधून दर्यात उतरायचं नाही, हे आमच्याकडे मूल चालायला लागतं तेव्हापासून सांगतात. जाळ्याचा दोर पायात गुंतला की माणूस जाळ्याबरोबर खाली जातो. माझे वडील तर होडीत चढताना मला पैंजणासारखा काळा दोराही ठेवू देत नसत. तिने केलं ते मीही केलं असतं. चार वेळा वाचलेला कागद त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हताच.

ती पहिली आली. सरळ न येता तिने उजवीकडून वळसा घेतला, कारण ओहोटीचं पाणी मधे मागे ओढतं. मी सवयीने हातातलं जुनं स्टॉपवॉच दाबलं. फलकावर मात्र कुडाळच्या मुलीचं नाव पहिलं आलं. आमच्या मुलीचं नव्हतंच.

संगणकावर बसलेल्या गृहस्थांकडे गेलो. ते सभ्यपणे म्हणाले, "सर, नोंदच नाही. आमच्या हिशेबाने ही मुलगी अजून पाण्यातच आहे."

बाजारातून तशीच आलेली तिची आई टोपली खाली ठेवून म्हणाली, "मगे माझ्या बाजूक उभां आसा तां कोण?"

लोक हसले. आई हसली नाही.

मी स्टॉपवॉच दाखवलं. मुख्य पंच म्हणाले, "हाताची वेळ नको म्हणून तुम्हीच तर भांडलात."

मी स्टॉपवॉच खाली घेतलं. बोलली ती कुडाळची मुलगी. "सर, ती माझ्या पुढे होती. मला रस्ता कळत नव्हता, मी तिच्या मागे मागे आले." घड्याळावरची तिच्या वाटेची रेघ तिने दाखवली. रेघ उजवीकडे वळलेली होती. पण पुढे कोण होतं, हे घड्याळ सांगत नव्हतं.

पंच बराच वेळ आपसात बोलले. मग ठरलं की तिने एकटीने पुन्हा पोहावं, चिप घोट्याला बांधून. येईल ती वेळ धरू. त्यांनी वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही, नियमात एवढीही सवड नव्हती. पण ती दमली होती आणि ओहोटीचा जोर वाढला होता.

"पोवशीत?" आईने विचारलं.

"पोवतंय."

"पायाक बांदून?"

तिने घोट्याकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. "सर, तुमीच बांदा. तुमी दर्यातले."

मी वाळूत गुडघे टेकले. एक बोट आत जाईल इतका पट्टा सैल ठेवावा, ओढला तर सुटेल, असं मनात आलं. पण गळून पडला तर पुन्हा नोंद नाही. माझे हात थांबले.

"घट्ट बांदा, सर," ती म्हणाली. मी घट्ट बांधला.

ती दिसेपर्यंत मी पाण्याच्या कडेला येरझारा घालत होतो. आईने टोपलीकडे पाठ फिरवली होती, मासे कोणी न्यावेत असे उघडे पडले होते. शेवटी डोकं दिसलं, मग हात. मॅटवरून ती चालत आली, पळायची ताकद राहिली नव्हती. फलकावर तिचं नाव उमटलं. तिसरी.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि ती शिबिराला जाणार म्हणून मला खरोखर आनंद झाला. तरी हातातल्या स्टॉपवॉचवर तिची आधीची वेळ तशीच होती, ती मला पुसवेना. पुढच्या सभेत पट्टा मनगटाला चालेल असा आणा, असं मी म्हणणार आहे. चिप नको, असं म्हणणार नाही. ते छत्रीखालचे पंच मला परत नको आहेत.

ती वाळूत बसली आणि सगळ्यात आधी तिने पट्टा ओढून काढला. घोट्याभोवती लाल वळ उठला होता. तो चोळत तिने विचारलं, "नंबर लागलो मां, सर?"

"लागला," मी म्हटलं.